गुण कुणाला, ओझे कुणाला?

मोजमापाशिवाय राज्य चालत नाही, हे जितके खरे आहे, तितकेच हेही खरे आहे की खोट्या मापाने राज्य बिघडते. गेल्या काही वर्षांत देशात क्रमवारीचे युग अवतरले आहे. २०१६ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांची पहिली राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शहरांसाठी 'स्वच्छ सर्वेक्षण' सुरू झाले. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र शासनाने कार्यालयीन सुधारणांचा १०० दिवसांचा कार्यक्रम राबविला, त्याचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपविले आणि १ मे २०२५ रोजी निकाल जाहीर केला. एप्रिल २०२५ मध्ये तर देशातील ग्रामपंचायतींनाही गुणपत्रिका मिळाली. कामचुकारपणाला वचक बसावा, चांगल्याचे कौतुक व्हावे, हा या साऱ्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. प्रश्न हेतूचा नाही, मापाचा आहे. ज्या मापात केवळ निष्पत्ती मोजली जाते आणि ती निष्पत्ती देणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे मोजले जात नाही, ते माप गणिताच्या भाषेत कितीही नटलेले असले तरी न्यायाचे नव्हे.

हे अमूर्त वाटत असेल त्याने रायगड जिल्ह्यातील काशीदकडे पाहावे. मुरूड तालुक्यातील हे किनाऱ्यावरचे लहानसे गाव. अलिबागहून चौल, रेवदंडा, कोर्लई, बोर्ली करीत मुरूडकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. एका बाजूला तीनएक किलोमीटरची पांढऱ्या वाळूची पुळण आणि सुरूचे बन, तर दुसऱ्या बाजूला एकेकाळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान असलेले आणि १९८६ पासून अभयारण्य म्हणून राखलेले फणसाड. शनिवार-रविवार आला, नाताळ आला, शाळांच्या सहली निघाल्या की मुंबई-पुण्याची गर्दी या पुळणीवर लोटते. गर्दी आनंद लुटून सोमवारी परतते. मागे उरतात बाटल्या, पिशव्या, पत्रावळी, उपसलेल्या विहिरी आणि खड्डे पडलेले रस्ते. हे सारे निस्तरण्याची जबाबदारी येते ती गावाच्या तुटपुंज्या यंत्रणेवर.

माणसे मोजली, पाहुणे वगळले

या यंत्रणेला पैसा कसा मिळतो, हे पाहिले म्हणजे मापातील खोट उघड होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. राज्याराज्यांतील वाटणीसाठी सूत्र ठरविले ते ९० टक्के लोकसंख्येचे आणि १० टक्के क्षेत्रफळाचे. लोकसंख्या कोणती? २०११ च्या जनगणनेतील. अर्थात त्या जनगणनेच्या रात्री जो ज्या गावी राहत होता, तो त्या गावाचा. दर आठवड्याला येऊन पाणी वापरणारा, कचरा टाकणारा, समुद्रात उतरून जीव धोक्यात घालणारा माणूस या सूत्रात कुठेच बसत नाही. हॉटेलच्या देयकावरील वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीत जातो. गावाच्या हाती घरपट्टी-पाणीपट्टीच्या जातीची मोजकी साधने उरतात. उत्पन्न रहिवाशांच्या संख्येवर आणि खर्च पाहुण्यांच्या संख्येवर, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

त्यात अधिकारांची फाळणी वेगळीच. जलक्रीडेचे परवाने देणार मेरीटाईम बोर्ड, रस्ते आणि पूल पाहणार सार्वजनिक बांधकाम विभाग, डोंगरावरचे रान वनखात्याचे, बंदोबस्त पोलिसांचा. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात काशीदजवळचा पूल कोसळला आणि एका माणसाचा प्राण गेला. तो पूल ग्रामपंचायतीने बांधला नव्हता आणि त्याची दुरुस्तीही तिच्या हाती नव्हती. त्याआधी ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवशी या पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. बाग उभी राहायला एक पिढी लागते. त्या वर्षात आणि त्यानंतरच्या वर्षांत इथल्या पंचायतींनी जे केले, ते घाटावरच्या एखाद्या वादळमुक्त पंचायतीच्या शेजारी ठेवून 'कोण पुढे, कोण मागे' असे विचारणे, हा प्रश्नच अन्यायाचा आहे.

गुणपत्रिका आणि तिची मर्यादा

पंचायतराज मंत्रालयाने तयार केलेला पंचायत प्रगती निर्देशांक ही साधी गोष्ट नाही. २०२२-२३ च्या पायाभूत अहवालात २,१६,२८५ ग्रामपंचायतींची पडताळलेली माहिती विचारात घेतली गेली. दारिद्र्यमुक्ती, आरोग्य, पाणी, स्वच्छता, सुशासन अशा नऊ संकल्पना आणि त्यांखाली ४३५ निर्देशक त्या अहवालात होते. शंभरपैकी नव्वद व त्याहून अधिक गुण मिळविणारी एकही पंचायत निघाली नाही. पंचाहत्तर ते नव्वदच्या गटात ६९९ बसल्या, साठ ते पंचाहत्तरच्या गटात ७७,२९८, चाळीस ते साठच्या गटात १,३२,३९२ आणि चाळीसच्या खाली ५,८९६. एकाही पंचायतीला सर्वोच्च पदवी न वाटता आपल्याच कारभाराचा असा रोखठोक आरसा जगातील किती सरकारे जनतेपुढे धरतात? हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु हा निर्देशांक पंचायत कुठवर पोहोचली ते सांगतो. ती कुठून निघाली, किती शिदोरी घेऊन निघाली आणि वाटेत तिच्या पाठीवर कुणाकुणाचे गाठोडे होते, हे तो सांगत नाही. त्याची रचनाच मुळी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा उद्दिष्टांना गावपातळीवर उतरविण्यासाठी झाली आहे. म्हणून प्रगतीचा नकाशा काढायला तो उपयोगी आहे, पण कार्यक्षमतेचा निवाडा करायला अपुरा. प्रगती आणि कार्यक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रीमंताच्या मुलाने सत्तर गुण मिळविले आणि रानात गुरे राखून शिकणाऱ्याने साठ, तर अधिक गुण कुणाचे हे कागद सांगेल. अधिक कर्तबगार कोण, हे सांगण्याची ताकद त्या कागदात नाही. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा प्रसिद्धिमाध्यमे आणि मंत्रालयातील काही मंडळी प्रगतीच्या यादीलाच कर्तबगारीची यादी समजून बसतात आणि खालच्या गटातील सरपंचाला नालायक ठरवून मोकळी होतात.

माप कुणाच्या हातात?

क्रमवारीचे हे वेड मुळात बाहेरून आले. जागतिक बँकेची 'व्यवसायसुलभता' क्रमवारी वर्षानुवर्षे जगातील सरकारांना ताटकळत ठेवीत असे. भारत १४२ व्या स्थानावरून २०१९ च्या अखेरीस ६३ व्या स्थानावर आला, तेव्हा देशाने आनंद मानला. तो रास्तच होता, कारण त्यामागील सुधारणा खऱ्या होत्या. पण ज्या पट्टीने हे स्थान मोजले गेले, तिचे पुढे काय झाले? २०१८ आणि २०२० च्या अहवालांतील आकडेवारीत गैरप्रकार आढळल्याने १६ सप्टेंबर २०२१ रोजी जागतिक बँकेनेच ती क्रमवारी कायमची बंद केली. चीनचे स्थान घसरू नये म्हणून आकड्यांशी खेळ झाल्याचे चौकशीत पुढे आले. जगाला पारदर्शकतेचे धडे देणाऱ्यांच्या घरात ही स्थिती! तरीही आपल्याकडील इंग्रजी विद्वान मंडळी परदेशी संस्थेची नवी यादी आली की तिला वेदवाक्य मानून देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. यादी कुणी केली, कोणत्या घटकाला किती भार दिला आणि तो कशाच्या आधारे, हे तीन प्रश्न विचारण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

खरी मेख आहे ती या भारांकनात. शाळेला वीस गुण, पाण्याला तीस, रस्त्याला दहा, असे कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून ठरवितो आणि मग तीच टक्केवारी किनाऱ्यालाही लागू, दुष्काळी माणदेशालाही लागू आणि मेळघाटालाही लागू! भार बदलला की क्रम बदलतो. ज्याच्या हाती भार, त्याच्या हाती निकाल. मग त्याला गणित कशाला म्हणायचे?

न्याय देणारे गणित

विशेष म्हणजे या दुखण्यावरचे औषध खुद्द गणिताकडेच आहे. १९५७ मध्ये फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने कार्यक्षमता मोजण्याचा एक वेगळा विचार मांडला. काल्पनिक आदर्शाशी नव्हे, तर प्रत्यक्षात उत्तम काम करून दाखविणाऱ्यांशी तुलना करावी, हे त्याचे सूत्र. त्यावर १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी 'डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस' ही पद्धती उभी केली. मराठीत तिला आच्छादन-विश्लेषण म्हणता येईल. ऱ्होड्स यांचे संशोधन अमेरिकेतील वंचित मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचे होते. अर्थात ज्या संस्था नफा कमवीत नाहीत आणि ज्यांच्या कामाची बाजारात किंमत ठरत नाही, अशांसाठीच ही पद्धती जन्माला आली. १९८४ मध्ये भारतीय वंशाचे राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्यासह तिला जोड दिली आणि संस्थेच्या आकाराचाही विचार होऊ लागला. त्यामुळे लहान संस्थेवर अवाढव्य संस्थेची फूटपट्टी लादण्याचे कारण उरले नाही.

या पद्धतीचा गाभा कुणाही शेतकऱ्याला कळेल असा आहे. समजा, तीन गावे आहेत आणि स्वच्छतेसाठी तिघांचाही वार्षिक खर्च सारखाच, दहा लाख रुपये आहे. पहिले गाव ९०० घरांचा कचरा नियमित उचलते आणि पाहुण्यांनी टाकलेला २० टन. दुसरे पर्यटनाचे गाव आहे. घरे ३००, पण पाहुण्यांचा कचरा १२० टन. तिसरे गाव ४८० घरे आणि ५६ टन. केवळ घरांच्या संख्येवर क्रम लावला तर पर्यटनाचे गाव तळाला जाते. केवळ पाहुण्यांच्या कचऱ्यावर लावला तर पहिले गाव तळाला जाते. दोन्ही निकाल खोटे. आच्छादन-विश्लेषण प्रत्येक गावाला त्याच्या बाजूने सर्वांत अनुकूल असा भार निवडू देते. अट एकच, की तोच भार इतर सर्वांना लावला असता कुणाचेही गुण शंभरावर जाता कामा नयेत. या कसोटीवर पहिले आणि दुसरे, दोन्ही गावे शंभर टक्के कार्यक्षम ठरतात. आपापल्या परिस्थितीत दोघांनीही कमाल केली आहे. तिसरे मात्र स्वतःला सोयीचा भार घेऊनही ऐंशी टक्क्यांवर अडकते. कारण पहिल्या दोघांची रीत निम्मी-निम्मी एकत्र केली, तर त्याच दहा लाखांत ६०० घरे आणि ७० टन कचरा उचलता येतो. म्हणजे त्याच्याकडे सबब उरत नाही, आणि कुणाकडे जाऊन काय शिकायचे हेही त्याला कळते.

इथे अपमान नाही, तसेच अभयही नाही. कर्तबगार गावाला परिस्थितीची शिक्षा होत नाही आणि आळशी गावाला परिस्थितीची ढाल मिळत नाही. काशीदसारख्या गावाला हवी आहे ती दया नव्हे, हे असे माप.

दोन्ही बाजूंचे आक्षेप

यावर दोन प्रकारची माणसे नाके मुरडतील. पहिला प्रकार म्हणतो, लोकसेवा आकड्यांत मोजणे हाच सेवेचा अपमान आहे. हे ऐकायला उदात्त वाटते, पण या उदात्ततेच्या आडोशाला दशकानुदशके कोण बसले आहे? नळाला पाणी आले की नाही, हे मोजता येते. अंगणवाडीत पोषण आहार पोहोचला की नाही, हे मोजता येते. ज्याला मोजमाप नको असते, त्याला बहुधा हिशेब नको असतो.

दुसरा प्रकार याच्या उलट, आकड्यांचा भक्त. त्याला वाटते, संगणकात माहिती भरली की न्याय आपोआप बाहेर पडतो. त्याने या पद्धतीच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात. संस्था थोड्या आणि निकष पुष्कळ असले की जवळजवळ प्रत्येक जण शंभर टक्के कार्यक्षम ठरतो, कारण प्रत्येकाला मिरविण्यासाठी एखादा कोपरा सापडतो. म्हणून साधने आणि निष्पत्ती यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट संस्था तुलनेत असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. शिवाय एका पंचायतीने जरी फुगवून आकडे दिले, तरी ती खोटी आदर्श ठरते आणि प्रामाणिक पंचायती तिच्यापुढे खुज्या दिसतात. तेव्हा निकष मोजके हवेत आणि माहितीची पडताळणी कठोर हवी. ढीगभर रकाने भरण्यात ग्रामसेवकाचा दिवस जाणार असेल, तर ज्या कामाचे मोजमाप करायचे ते काम करणार कोण?

आपली परंपरा काय सांगते?

संस्थांची परीक्षा ही पश्चिमेची देणगी आहे, असा समज इंग्रजी शिक्षणाने रुजविला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटल, म्हणजे हिशेब-कार्यालयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अपहाराचे चाळीस प्रकार तिथे मोजून सांगितले आहेत. त्याहून महत्त्वाचा आहे तो त्याचा विवेक. महसूल कमी आणणारा अधिकारी राजाचे धन खातो, हे कोणीही सांगेल. पण ठरल्याच्या दुप्पट महसूल आणणाऱ्याची कौटिल्य पाठ थोपटीत नाही. तो जनपद खातो आहे, असे तो बजावतो. आकडा मोठा दिसला म्हणून काम मोठे झाले असे नव्हे, ती वाढ कुणाच्या पोटाला चिमटा काढून आली हे पाहा, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा इशारा आजच्या क्रमवारीकारांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

दुसरा दाखला तर काशीदच्या दक्षिणेला, मुरूडच्या समुद्रातच उभा आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग वसविला. तिथे झुंजणाऱ्या दर्यासारंग आणि दौलतखान यांच्या आरमाराला रसद पुरविण्याची आज्ञा प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला झाली होती. पैसा आणि गल्ला वेळेवर पोहोचला नाही. १६७५ मध्ये महाराजांनी त्याला लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्धच आहे. गनिमाला सामील झाल्यासारखे हे वर्तन आहे आणि ब्राह्मण म्हणून कुणी गय करील या भ्रमात राहू नये, असा त्याचा आशय. सुभ्याचे दप्तर किती सुबक आहे, हे महाराजांनी विचारले नाही. जात विचारली नाही, हुद्दा विचारला नाही. ज्यासाठी पद दिले ते काम झाले का, आणि लाटांच्या तोंडावर उभ्या असलेल्या शेवटच्या शिपायापर्यंत दाणा पोहोचला का, हा एकच निकष होता. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेला अंत्योदयाचा विचार तरी याहून वेगळा काय आहे? रांगेतील अखेरच्या माणसाला काय मिळाले, हीच व्यवस्थेची परीक्षा.

काय व्हायला हवे?

तेव्हा क्रमवारी बंद करा, ही मागणी नव्हे. माप दुरुस्त करा, ही मागणी आहे. पहिली गोष्ट, ग्रामपंचायतींच्या प्रगतीचा निर्देशांक राहू द्यावा, परंतु त्याच्या शेजारी कार्यक्षमतेचा दुसरा आकडा छापावा, ज्यात निधी, कर्मचारी आणि ओझे यांचा हिशेब असेल. दुसरी, किनाऱ्यावरील, तीर्थक्षेत्रांतील आणि गडकोटांच्या पायथ्याशी असलेल्या गावांत तरत्या लोकसंख्येची नोंद अधिकृतपणे घ्यावी. पंढरपूर-आळंदीला वारीच्या दिवसांत लोटणारा जनसागर आणि काशीदला शनिवारी लोटणारी गर्दी यांत भावाचा भेद असेल, पण पाण्याच्या आणि कचऱ्याच्या हिशेबात दोन्ही माणसेच आहेत. तिसरी, तुलना सारख्याची सारख्याशी व्हावी. रायगड जिल्ह्यात आठशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. त्यांतील किनाऱ्यावरच्या पंचायतींची रत्नागिरी-सिंधुदुर्गातील किनारी पंचायतींशी तुलना केली, तर संख्या पुरेशी भरते आणि निकालही बोलका ठरतो. चौथी, जे काम ज्या खात्याचे, त्याचे गुण-अवगुण त्या खात्याच्या खाती पडावेत. पूल पडला तर गावाचे गुण कापले जाऊ नयेत. आणि पाचवी, भारांकनाचे सूत्र ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याला प्रश्नपत्रिकेचे नियम कळू नयेत, हा कुठला न्याय?

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने या राज्यातील हजारो गावांना हाती झाडू घ्यायला लावले. तिथेही स्पर्धा होती, क्रम होता, बक्षीस होते. पण गाव उठले ते आकड्याच्या धाकाने नव्हे, हे काम आपले आहे या भावनेने. ज्या मोजमापात गावाला आपला चेहरा दिसतो, ते मोजमाप गाव स्वीकारते. ज्यात केवळ साहेबाचा चेहरा दिसतो, त्याचे रकाने कसेबसे भरून टाकते.

पुढच्या रविवारी काशीदच्या पुळणीवर पुन्हा गर्दी लोटेल आणि सोमवारी पहाटे कुणी सफाई कामगार पोते घेऊन त्या वाळूवर वाकलेला असेल. त्याच्या त्या पहाटेच्या श्रमाला ज्या सूत्रात जागा नाही, ते दिल्लीत छापले जावो की वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राच्या उभारणीच्या कामाचे नाही. ते बदलण्याची बुद्धी आणि गणित दोन्ही या देशाकडे आहे. आता प्रश्न उरतो तो इच्छाशक्तीचा, आणि तो मंत्रालयाने स्वतःला विचारायचा आहे.